लोअर सर्किट, टीपीन आणि न जुळलेली सही

४ जून २०२४ला, लोकसभेच्या निकालादिवशी, निफ्टी जवळजवळ ६ टक्के आपटला आणि ७ तारखेला ३ तारखेच्या वर बंद झाला. तेव्हापासून आमच्या ग्रुपवर प्रत्येक पडझडीला ‘डिप’, म्हणजे स्वस्तात घ्यायची संधी, म्हणायची सवयच लागली. त्याच भरात मी एक स्मॉलकॅप, म्हणजे लहान कंपनीचा शेअर, घेतला. काही महिन्यांनी त्याला ५ टक्क्यांचं लोअर सर्किट लागलं, म्हणजे एका दिवसात जास्तीत जास्त पडू शकतो तेवढा तो पडला. ग्रुपवर लगेच सुरू: ‘पॅनिक नको, ॲव्हरेज मारा (पडल्या भावात अजून घ्या), विकणारे सगळे पेपर हँड (घाबरट).’ स्क्रीनवर खरेदीच्या बाजूला शून्य होतं. याला डिप म्हणू नका. निफ्टीत पन्नास कंपन्या असतात, एकटा शेअर वर येईलच असं नसतं. मी निघायचं ठरवलं.

आणि तिथेच अडकलो. शेअर विकायला टीपीन, म्हणजे डिमॅटमधून शेअर द्यायच्या मंजुरीचा पिन, लागतो. माझा मला आठवेना. नवा मागवला, तो आलाच नाही. ब्रोकरच्या ॲपमध्ये माझा नवा नंबर होता, पण डिमॅटच्या नोंदीत जुना, कधीच बंद झालेला. टीपीन जातो डिमॅटच्या नंबरवर! हे मला ब्रोकरकडच्या कुणी कधी सांगितलं नव्हतं. ब्रोकरच्या शाखेत जाऊन नंबर बदलायचा फॉर्म दिला. दोन दिवसांनी मेल आला, ‘सही जुळत नाही.’ खातं २०१३चं. तेव्हा मी पूर्ण नाव लिहायचो, आता आडनावच लिहितो. समोर आधार, पॅन घेऊन उभा होतो, तरी काउंटरवरचं उत्तर एकच: बँकेकडून सही पडताळून आणा. बँकेत साहेब रजेवर. तो राग अजून गेलेला नाही, कारण इकडे रोज सर्किट लागत होतं. सहा सर्किटांत १०० रुपयांचे साडेत्र्याहत्तर होतात.

शेवटी ब्रोकरला लेखी तक्रार दिली आणि पुढची पायरी सेबीचं स्कोअर्स हे तक्रारींचं पोर्टल असेल, असं त्यात स्पष्ट लिहिलं. तिथे २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सही पडताळल्याचं बँकेचं पत्र तोवर मिळालं होतं, तेही जोडलं. दुसऱ्या दिवशी नंबर बदलला, संध्याकाळी टीपीन आला.

लोअर सर्किटमध्ये सगळ्यांचा भाव एकच, त्यामुळे रांगेत आधी लागलेली ऑर्डर आधी निघते. सव्वानऊची वाट बघू नका, रात्रीच एएमओ (बाजार बंद असताना द्यायची ऑर्डर) लावून ठेवा. माझे अर्धे शेअर पहिल्या दिवशी गेले, उरलेले तिसऱ्या. ‘कॉस्ट टू कॉस्ट (खरेदीच्या भावाला) आला की सुटतो’ म्हणणारे दोघे मित्र अजून त्यातच आहेत. हो, डीडीपीआय, म्हणजे विकलेले शेअर डिमॅटमधून काढायचा ब्रोकरला दिलेला लेखी अधिकार, एकदा देऊन टाका, मग दर विक्रीला टीपीन लागत नाही. हे मी आधी केलं असतं तर पहिल्याच दिवशी रांगेत लागलो असतो.

आईच्या डिमॅटलाही माझा तोच बंद नंबर निघाला. तिला घेऊन शनिवारी शाखेत गेलो आणि नंबर, सही, दोन्ही बदलून घेतलं.