मुळशीच्या खाचरात शेणखत, गिरिपुष्प आणि खताच्या गोळ्या

मुळशीचा पाऊस खत जागेवर राहू देत नाही. दुपारी खाचरात युरिया फेकावा, रात्री बांधावरून पाणी वाहावं आणि खत खालच्या शेतात जावं, हे दर पावसाळ्याचं. काही अमोनिया होऊन हवेत उडतं ते वेगळंच. आमच्या घरात यावरून दोन पक्ष होते. अण्णा म्हणायचे, युरियाशिवाय भाताला काळोखी, म्हणजे गर्द हिरवा रंग, येत नाही. आईचं म्हणणं, शेणखतावर पिकलेल्या इंद्रायणी तांदळाचीच चव खरी.

मला दोघांचंही पटायचं, म्हणून आधी गुंठ्याचा हिशेब मांडला. शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र (नायट्रोजन), ५० स्फुरद (फॉस्फरस), ५० पालाश (पोटॅश). म्हणजे गुंठ्याला साधारण १ किलो नत्र. कुजलेल्या शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का. गुंठ्याला १०० किलो टाकलं तरी अर्धा किलो नत्र, आणि पहिल्या हंगामात पिकाच्या वाट्याला त्यातलं तिसरा हिस्साच येतो. नुसत्या शेणखतावर भागवायला तेवढी जनावरं आता कुणाच्या गोठ्यात आहेत? पण ते बंद केलं तर सेंद्रिय कर्ब घसरतो आणि टाकलेलं खत धरून ठेवायला मातीत काही उरत नाही. दोन्ही लागणारच होतं. प्रश्न होता तो कुठे आणि कधी याचा.

वाट सापडली ती कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांच्या भाताच्या चारसूत्री पद्धतीत: तुसाची राख, गिरिपुष्पाचा पाला, नेमक्या अंतरावर लावणी आणि खताच्या गोळ्या. रोपवाटिकेत राब भाजण्याऐवजी, म्हणजे पालापाचोळा आणि शेण पसरून जाळण्याऐवजी, भाताच्या तुसाची काळी राख मिसळली, चौरस मीटरला अर्धा ते एक किलो. त्यातल्या सिलिकानं रोप ताठ होतं. बांधावरच्या गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) कोवळा पाला गुंठ्याला ३० किलो या मापानं, लावणीच्या आठवडाभर आधी खाचरात पसरून चिखलात दाबला. फांद्या वेचून काढायच्या, नाहीतर लावणी करताना पायाला टोचतात.

खरी कसोटी लावणीची. खुणा केलेल्या दोरीवर १५ आणि २५ सेंटीमीटरचं अंतर आलटूनपालटून ठेवायचं, एका चुडात, म्हणजे एका जागी, दोन-तीनच रोपं. मग १५ सेंटीमीटरच्या प्रत्येक चौकोनात, चार चुडांच्या मधोमध, युरिया आणि डीएपी (नत्र-स्फुरद देणारं खत) यांची २.७ ग्रॅमची एक गोळी ७ ते १० सेंटीमीटर खोल खोचायची, त्याच दिवशी. तेवढ्या खोलीवर चिखलात हवा नसते, त्यामुळे नत्र अमोनियमच्या रूपात मातीला धरून राहतं आणि मुळं ते हळूहळू घेतात. गुंठ्याला साधारण ६२५ गोळ्या, म्हणजे पावणेदोन किलोच्या आत खत. त्यातून नत्र मिळतं साधारण ६०० ग्रॅम. उरलेलं पाला आणि शेणखत भरून काढतात.

लावणीला आलेल्या मावश्या सुरुवातीला वैतागल्या. दोरी सरकवायची, वाकून गोळ्या खोचायच्या, वेळ दीडपट. त्यांचं म्हणणं रास्तच होतं. मी मजुरी वाढवून दिली आणि गोळ्या खोचायचं काम घरच्यांकडे घेतलं. लावणीच्या धांदलीत माणसं मिळणं हीच या पद्धतीची सर्वांत अवघड बाजू आहे, हे नव्यानं करणाऱ्यानं आधीच धरून चालावं.

महिनाभरानं फरक दिसला. शेजारच्या फेकीव युरियाच्या भाताला आधी गडद काळोखी आली आणि मग एकदम पिवळेपणा. आमचं पीक फिकं हिरवं, पण एकसारखं. नत्र एकदम अंगावर आलं नाही, म्हणून करपा रोगही फारसा चढला नाही. दाणे भरायच्या वेळी वारा-पाऊस झाला तेव्हा अण्णा स्वतः बांधावरून फिरून आले आणि म्हणाले, "लोळला नाही गं, उभा आहे." आईला सांगत होते ते. मळणीत पळंज, म्हणजे पोकळ दाणे, कमी निघालं, आणि युरियाची गोणी आणायचा खर्च निम्म्याच्या आसपास आला. तांदूळ आम्ही भरडून थेट पुण्यातल्या ओळखीच्या घरांना देतो. फायदा खरा तिथेच पदरात पडतो, कारण भरडताना तांदळाचा तुकडा कमी पडला की दर राहतो.

एक गोष्ट मात्र गोळीत नाही: पालाश. साध्या युरिया-डीएपीच्या गोळीतून तो मिळत नाही. भातानं उचललेला बराचसा पालाश पेंढ्यात असतो, आणि पेंढा आम्ही जनावरांना घालतो. म्हणून गोठ्यातलं शेण आणि मूत्र वाया न घालवता खड्ड्यात घेतो आणि माती परीक्षणात कमी दिसलं तर म्युरेट ऑफ पोटॅश हे पालाशाचं खत चिखलणीच्या वेळी देतो. यंदा वरच्या खाचरांच्या बांधांवरही गिरिपुष्पाचे छाट लावलेत, कारण पाला लांबून डोक्यावर वाहून आणण्यातच मजुरीचा मोठा भाग जात होता.