पगार झाले का त्यांचे?

बेल्जियममध्ये चार दिवस राहिलो, पण मनात घर करून बसलाय तो एकच तास. 23 ऑगस्ट 2018, गुरुवारची दुपार, स्पा-फ्रँकोरशाँ या फॉर्म्युला वन ट्रॅकची पिट लेन आणि एका गुलाबी गॅरेजसमोरची रांग.

जाण्याचं थोडक्यात सांगतो. आइंडहोवनहून मास्ट्रिक्ट, तिथून लिएज, पुढे व्हर्विए, आणि व्हर्विएच्या स्टेशनबाहेरून रेसच्या बसने डोंगरात वर. लिएजचं स्टेशन पाहायला लोक मुद्दाम जातात. मी गाडी बदलली आणि निघालो. राहण्याचं मात्र मनाला लागलं. सहा महिने आधी बुक केलेली हॉटेलची खोली त्यांनी महिनाभर आधी "तांत्रिक अडचण" म्हणून रद्द केली, आणि त्याच संध्याकाळी तीच खोली तिप्पट भावाने परत विकायला ठेवली. रेसच्या आठवड्यात हे सर्रास चालतं म्हणे. चालत असेल, पण पाहुण्याला असं वागवू नये. शेवटी व्हर्विएतल्या एका आजींनी त्यांच्या घरातली वरची खोली दिली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला फ्रेंच. रोज पहाटे साडेपाचला कॉफी तयार असायची आणि निघताना हातात कागदात गुंडाळलेलं वॉफल. पैसे घेत नसत. त्या हॉटेलवरचा राग त्या वॉफलनेच उतरला.

आता त्या रांगेकडे येतो.

तीन दिवसांचं तिकीट असलं की गुरुवारी दुपारी पिट लेनमध्ये पायी फिरू देतात. एरवी जिथे गाड्या सुसाट येऊन चाकं बदलतात, तिथे आपण उभे. गर्दी बहुतेक नारिंगी, म्हणजे डच ड्रायव्हर व्हर्स्टॅपनसाठी हॉलंडहून आलेली. त्या नारिंगी लोंढ्यातून अंग चोरत मी विजय मल्ल्याच्या फोर्स इंडिया टीमच्या गॅरेजपर्यंत पोचलो. पिशवीत एक टोपी होती. पांढरी, केशरी-हिरव्या पट्ट्यांची. 30 ऑक्टोबर 2011 ला ग्रेटर नोइडाच्या बुद्ध सर्किटवर, भारतातल्या पहिल्याच ग्रां प्रीला घेतलेली. त्या दिवशी टीमचा ड्रायव्हर सुटिल नववा आला, दोन गुण मिळाले आणि आम्ही वर्ल्ड कप जिंकल्यासारखे ओरडलो होतो. सही मात्र कोणाचीच मिळाली नव्हती. सात वर्षं ती टोपी कोरीच राहिली.

आणि आता टीमच राहते की नाही, असा प्रश्न.

चारच आठवड्यांपूर्वी, 27 जुलैला, हंगेरीच्या रेसच्या शुक्रवारी संध्याकाळी बातमी आली होती: फोर्स इंडिया कोर्टाने नेमलेल्या प्रशासकांच्या ताब्यात. अर्ज करणाऱ्यांत टीमचाच ड्रायव्हर, सर्जिओ पेरेझ. मला ते फार लागलं होतं. ज्या माणसाने बहरीन, सोची, मोनॅको, बाकू अशा ठिकाणी या टीमला पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांत, नेलं, त्यानेच घरच्यांना कोर्टात खेचावं? सही घ्यायचीच, पण त्याची घ्यायची का, हे रांगेत उभं राहीपर्यंत ठरत नव्हतं.

माझ्या पुढे एक साठी ओलांडलेले इंग्लिश गृहस्थ होते. अंगात जॉर्डन या जुन्या टीमचं पिवळं जॅकेट, कोपरांवर रंग उडालेला. मागे मेक्सिकोचं एक जोडपं, बाईच्या गालावर पेरेझचा 11 आकडा रंगवलेला. माझी टोपी पाहून गृहस्थांनीच विषय काढला. म्हणाले, "तुझी टोपी आणि माझं जॅकेट एकाच घरातलं आहे."

खरंच होतं ते. सिल्व्हरस्टोन ट्रॅकच्या दारासमोर जो कारखाना आहे, त्याची पाटी तेवढी बदलत गेली. आधी जॉर्डन, 2006 ला मिडलंड, मग स्पायकर, 2008 पासून फोर्स इंडिया. आणि या घराचं स्पाशी नातं काही वेगळंच. मायकेल शूमाकर आपली पहिली ग्रां प्री धावला ती इथेच, 1991 ला, जॉर्डनच्या गाडीतून. जॉर्डनने पहिली रेस जिंकली तीही इथेच, 1998 ला, धो धो पावसात. डेमन हिल पहिला, राल्फ शूमाकर दुसरा. हे गृहस्थ त्या दिवशी इथे हजर होते आणि हेच जॅकेट अंगात होतं. मग 2009 ला फिसिकेलाने फोर्स इंडिया थेट पोलवर, म्हणजे सुरुवातीच्या पहिल्या जागेवर, नेली आणि रायकोनेनच्या मागे, सेकंदभराच्याही आत, दुसरा आला. टीमचे आयुष्यातले पहिले गुण ते. मी तेव्हा पुण्यात मित्राच्या खोलीवर टीव्हीसमोर होतो. शेवटच्या दहा लॅप्स कोणी खाली बसलं नव्हतं.

पेरेझचं नाव निघालं तसा मी मनातलं बोलून टाकलं. गृहस्थांनी शांतपणे समजावलं. कंपनीकडे ज्यांचे पैसे थकलेत त्यांच्यापैकी कोणी कंपनी गुंडाळण्याचा अर्ज केला आणि तो मंजूर झाला, की गेटला कुलूप. यंत्रं लिलावात, माणसं घरी. प्रशासक आला तर कारखाना चालू राहतो. पगार, बिलं तो बघतो आणि गिऱ्हाईक शोधतो. पेरेझचे स्वतःचे पैसे अडकले होते, म्हणून त्याला अर्ज करता येत होता. टीममधल्याच काही जणांनी विनवलं म्हणून आपण तो केला, असं त्याने हंगेरीत सगळ्यांसमोर सांगितलं होतं. मी ती बातमी अर्धीच वाचली होती. रागात माणूस बातमी अर्धीच वाचतो.

मागची बाई म्हणाली, "त्याने टीम विकली नाही, वाचवली." तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

नेमका तेव्हा बाबांचा व्हिडिओ कॉल आला. पिट लेन दाखवतो असं मीच कबूल केलं होतं. चिंचवडच्या घरी ते चष्मा कपाळावर सरकवून फोनमध्ये बघत होते. मी त्यांना गॅरेज दाखवलं. आत एक मेकॅनिक गुडघ्यावर बसून गाडीच्या खालच्या कडेवरची धूळ बोटाने पुसत होता, फडक्याने नव्हे. बोट फिरवायचा, बघायचा, पुन्हा फिरवायचा. बाबा त्याच्याकडेच बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "काय रे, पगार झाले का त्यांचे?"

बाबांना रेसिंगमधलं काही कळत नाही. पण हे कळतं. पिंपरीतल्या ज्या कंपनीत ते टर्नर होते, तिच्या गेटवर 1996 च्या दिवाळीआधी एक कागद चिकटवला गेला. त्या दिवशी ते सेकंड शिफ्टला गेले आणि अर्ध्या तासात परत आले. आदल्या दिवशीचा डबा लॉकरमध्येच राहिला होता, झाकणावर त्यांचं नाव कोरलेला स्टीलचा डबा. आत जाऊ देत नव्हते. पुढे लिक्विडेटर आला, यंत्रं गेली, शेड पाडली. हिशेबाचे पैसे आले तेव्हा मी नोकरीला लागलो होतो. डबा काही आला नाही. आईने नवा घेतला, पण त्याच्यावर नाव कोरायला बाबांनी नकार दिला.

म्हणून मला त्यांच्या प्रश्नाचं उत्तर माहीत असायला हवं होतं. पुढच्या गृहस्थांना विचारलं. ते लगेच म्हणाले, "चारशे पाच." 7 ऑगस्टला प्रशासकांनी जाहीर केलं होतं: कॅनडाचे उद्योगपती लॉरेन्स स्ट्रोल यांच्या गटाशी सौदा ठरला, चारशे पाचच्या चारशे पाच नोकऱ्या शाबूत, देणीही पूर्ण चुकती होणार.

"हो बाबा. चारशे पाच माणसं आहेत, सगळ्यांच्या नोकऱ्या राहिल्या."

बाबा काही क्षण बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं झालं. सही नीट घे. पेन चालतंय का बघून ठेव."

पेन चालत नव्हतं. मार्करचं टोक सुकून गेलं होतं. गृहस्थांनी आपलं चंदेरी पेन माझ्या हातात दिलं.

पेरेझ आधी आला. टोपी पुढे केली, त्याने टोपीच्या पुढच्या झडपेवर झरकन सही केली. मनात पुष्कळ होतं, तोंडातून फक्त "ग्रासियास" निघालं. मागची बाई हमसून रडली. थोड्या वेळाने टीमचा दुसरा ड्रायव्हर ओकाँ आला, उंच, शिडशिडीत. त्याच्या आईवडिलांनी मुलाच्या रेसिंगसाठी घर विकून कॅरॅव्हॅनमध्ये दिवस काढलेले. आणि ज्या सौद्याने टीम वाचली, त्याच सौद्याने त्याची जागा जाणार अशी कुजबुज त्या रांगेतही चालली होती, कारण नव्या मालकाचा मुलगा लान्स स्वतः ड्रायव्हर. पुढच्या वर्षी झालंही तसंच. चारशे पाच जणांचं भलं झालं याचा आनंद मला आजही आहे, पण ओकाँची सही पाहिली की घास अडकल्यासारखं होतं. दोन्ही सह्या शेजारी शेजारी आहेत. पेरेझची वळणदार, त्याची अरुंद.

सह्या घेऊन बाजूला झालो तेव्हा गृहस्थांनी उरलेलं सांगितलं. जुन्या कंपनीचे शेअर्स भारतातल्या बँकांच्या दाव्यांमुळे गोठलेले, म्हणून ते विकत घेता येईनात. नव्या मालकांनी कारखाना, गाड्या, सामान घेतलं, कंपनी नाही. त्यामुळे कागदोपत्री ही नवी टीम. नाव रेसिंग पॉइंट फोर्स इंडिया, लायसन्स ब्रिटिश. बारा रेसमध्ये मिळवलेले 59 गुण पुसले गेले, ड्रायव्हरांचे तेवढे राहिले. त्या आठवड्यापर्यंत टीम भारतीय लायसन्सवर धावत होती. मी ज्या टीमसाठी आलो होतो, ती ज्या दिवशी मी तिच्या दारात पोचलो त्याच दिवशी कागदावरून गेली होती.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तो मेकॅनिक अजून गाडीखालची धूळच पुसत होता. कपड्यांचा रंग तोच, माणूस तोच, बोट तेच. भारतात त्या दिवसांत टीमच्या मालकावरून जे बोललं गेलं, त्यात या माणसाचा उल्लेख मी कुठेच वाचला नाही. मालकाच्या कर्जाचं काय व्हायचं ते कोर्टात होवो. टीम बुडाली म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांना मात्र गेटवर चिकटवलेला कागद कसा दिसतो हे माहीत नसावं.

शुक्रवारी थंडी, पाऊस, आणि फ्राइटसाठी, म्हणजे तळलेल्या बटाट्यांसाठी, पाऊण तास रांग.

शनिवारी मी केमेल सरळीच्या गवताळ उतारावर होतो. ब्रॉन्झ तिकीट म्हणजे बसायला जागा नाही. चिखलात प्लॅस्टिक अंथरायचं. क्वालिफाइंगच्या, म्हणजे रेसमधल्या सुरुवातीच्या जागा ठरवणाऱ्या फेरीच्या, शेवटच्या टप्प्यात पाऊस आला, सगळा आखाडा उलटापालटा झाला. पडद्यावर हॅमिल्टन, व्हेटेल, आणि तिसरा ओकाँ, चौथा पेरेझ. दोन्ही गुलाबी गाड्या दुसऱ्या रांगेत! शेजारचे डच लोक मला मिठ्या मारत होते. तेव्हा मात्र गर्दी मला आवडली.

रविवारी पहिल्याच वळणावर मागे मोठा अपघात झाला, अलोन्सोची गाडी लक्लेरच्या डोक्यावरून गेली. आम्हाला ते दिसलं नाही. आम्हाला दिसलं ते हे: ओ रूजचा चढ चढून चार गाड्या एकदम वर आल्या आणि केमेलच्या शेवटी चौघी एका रेषेत. एक चंदेरी, एक लाल, दोन गुलाबी. ते दोन-तीन सेकंद मी श्वास घेतला नसावा. तीन दिवसांपूर्वी शून्य गुण असलेली टीम जगज्जेत्यांच्या खांद्याला खांदा लावून लेकॉम्बच्या वळणात शिरत होती. पुढे व्हर्स्टॅपन आणि बोटास त्यांना मागे टाकून गेले, जिंकला व्हेटेल. पेरेझ पाचवा, ओकाँ सहावा. 18 गुण.

परतीच्या बसला तीन तास लागले. रस्ता अरुंद, सगळे एकाच वेळी निघालेले, पाय गारठलेले. बाबांना मेसेज केला, "पाचवा आणि सहावा." त्यांनी डब्याचा एक इमोजी पाठवला. कुठून शोधला कोण जाणे.

शेजारच्या रांगेत, बरंच पुढे, पिवळं जॅकेट दिसलं. मी टोपी काढून उंच धरली. गृहस्थांनी वळून पाहिलं, आधी एका हाताची पाच बोटं दाखवली, मग दुसऱ्या हाताचं एक बोट त्याला जोडलं. आणि बसमध्ये चढले.