रायफलवर नाव कोरून घेताना गेलेले तीन शनिवार

मी टेक्सासमध्ये राहतो, सिटिझन झाल्यापासून शूटिंग रेंजवर नेमबाजीला जायची सवय लागली. गेल्या वर्षी माझ्या एआर (एआर-15 पद्धतीच्या) रायफलला 10.5 इंची नळी लावायची ठरवली. 16 इंचांहून आखूड नळी लावली की रायफल एनएफए (नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट) या केंद्राच्या हत्यार कायद्याखाली येते, म्हणून आधी एटीएफ या केंद्राच्या हत्यारांवर देखरेख करणाऱ्या खात्याकडून फॉर्म 1, म्हणजे असं हत्यार स्वतः बनवायचा अर्ज, मंजूर करून घ्यायचा आणि मगच नळी लावायची. फोटो, बोटांचे ठसे, 200 डॉलर टॅक्स सगळं झालं, मंजुरीही ईमेलवर आली. अडकलं ते कोरण्यापाशी.

नळी तुम्ही बदलली की कायद्याने ती रायफल बनवणारे तुम्ही. म्हणून तुमचं नाव, गाव आणि राज्य त्यावर कोरायला लागतं, खोली कमीत कमी 0.003 इंच. कंपनीचा सिरीयल नंबर आधीच असतो तोच चालतो.

घराजवळ ट्रॉफी आणि नेमप्लेटवाला लेझरचा दुकानदार होता, म्हणाला करून देतो. लायसन नसलेल्याकडे हत्यार ठेवून जायचं नाही म्हणून मी पूर्ण वेळ समोर उभा. काळी कुळकुळीत, सुंदर अक्षरं आली. घरी येऊन नख फिरवलं तर काही लागेचना! आपल्याकडे भांड्यांच्या दुकानात ताटावर नाव घालून देतात ना, ते पण बोटाला लागतं, इथे नुसता रंग जळलेला. दुसऱ्या शनिवारी परत गेलो तर म्हणे दिसतंय ना, मग काय प्रॉब्लेम. अहो, खोली मोजतात ती धातूच्या सपाट पृष्ठभागापासून, कडेला वर आलेल्या काठापासून नाही आणि दिसण्यावर तर नाहीच! अर्धा तास समजावलं, पैसेही परत नाही दिले. मला अजून राग येतो कारण चुकलं असतं तर जबाबदारी माझी होती, त्याची नाही.

तिसऱ्या शनिवारी 40 मैलांवरच्या लायसनवाल्या गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. त्याने रिसीव्हर, म्हणजे रायफलचा मुख्य सांगाडा, शिकंज्यात धरला, बारीक कटरने अकरा अक्षरी आडनावासकट सगळं कोरलं आणि डेप्थ गेज लावून मला आकडा दाखवला, 0.005. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. तुम्ही पण समोर मोजून घ्या, मगच पैसे द्या.

हो, अक्षराची उंची 1/16 इंच हवी हा नियम फक्त सिरीयल नंबरला आहे, नावाची अक्षरं लहान असली तरी चालतं, वाचता आली पाहिजेत. मला आधी कळलं असतं तर जागेची एवढी काळजी केली नसती. आणि 2026 च्या 1 जानेवारीपासून तो 200 डॉलरचा टॅक्स शून्य झालाय, फॉर्म आणि कोरणं मात्र आहेच.

एक मित्र घरी बनवलेली, नंबर नसलेली साधी रायफल दुरुस्तीला देणार होता. स्वतःपुरती असेल तर केंद्राचा कायदा नंबर मागत नाही, कॅलिफोर्नियासारखी राज्यं मागतात. पण 2022 च्या ऑगस्टपासून लायसनवाल्याने ती दुकानात ठेवून घेतली तर 7 दिवसांत, आणि त्याआधी परत देणार असेल तर देण्यापूर्वी, त्याला स्वतःच्या लायसन नंबराने सुरू होणारा सिरीयल नंबर कोरावा लागतो. त्याच दिवशी दुरुस्त करून हातात दिली तर नाही. मित्राला सांगितलं, सकाळी जा आणि तिथेच बसून राहा.