एक लॉगबुक, दोन देशांचे नियम

फ्लोरिडात कमर्शियल पायलटचं ट्रेनिंग सुरू केलं तेव्हाच ठरलेलं होतं, की घरी परत येऊन डीजीसीएचं, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाचं, लायसन्स काढायचं. म्हणजे लॉगबुक (उड्डाणांच्या तासांची वही) एफएएला, म्हणजे अमेरिकेच्या नियामकाला, चाललं पाहिजे आणि दिल्लीच्या डीजीसीएलाही. तिकडे २५० तास लागतात, आपल्याकडे २००. एवढं बघून बरीच मुलं निर्धास्त होतात. खरी गोम पीआयसीच्या, म्हणजे पायलट-इन-कमांड (विमानाचा प्रमुख वैमानिक) म्हणून केलेल्या तासांच्या रकान्यात आहे.

अमेरिकेत एकदा प्रायव्हेट सर्टिफिकेट हातात आलं, की ज्याचं रेटिंग (परवानगी) तुमच्याकडे आहे ते विमान तुम्ही स्वतः उडवत असाल तर शेजारी इन्स्ट्रक्टर शिकवत असला तरी तो वेळ पीआयसीत लिहिता येतो. तोच वेळ ड्युअलमध्येही, म्हणजे इन्स्ट्रक्टरसोबत शिकल्याच्या रकान्यात! एफएएचा ६१.५१ हा नियमच तसा आहे. डीजीसीएकडे हे चालत नाही; इन्स्ट्रक्टर शिकवतोय म्हणजे ड्युअल, विषय संपला. आणि पीआयसी तर १०० तास लागतात. म्हणून लॉगबुकातला एक रिकामा रकाना आखून त्यावर ‘डीजीसीए पीआयसी’ लिहिलं आणि त्यात फक्त इन्स्ट्रक्टरशिवायचे तास धरले. तिकडची बेरीज नेहमी फुगलेली दिसायची, पण मी याच रकान्यावर भरवसा ठेवला.

वेळ लिहायची तऱ्हाही वेगळी. विमानातला तास मोजणारा हॉब्स मीटर दशांशात चालतो. १.३ म्हणजे १ तास १८ मिनिटं, पण घाईत डोळा सरळ दीड तास वाचतो. त्यामुळे गुडघ्यावरच्या पॅडवर मी विमान हललं ती वेळ आणि थांबलं ती वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) टिपायचो. रात्री साडेआठला निघालं की यूटीसीत तारीखच बदललेली असते, तेवढं सांभाळावं लागतं.

लांबच्या क्रॉस-कंट्रीत (एका विमानतळावरून दूरच्या दुसऱ्यावर जायच्या उड्डाणात) एका दगडात दोन पक्षी मारले. एफएएला एकूण ३०० नॉटिकल मैल, तीन ठिकाणी लँडिंग आणि त्यातलं एक ठिकाण निघालो तिथून सरळ रेषेत किमान २५० मैलांवर हवं. डीजीसीएलाही ३०० मैलच, पण दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून फुल स्टॉप, म्हणजे विमान पूर्ण थांबवायचं. मी व्हेरो बीचहून ओकाला, तिथून टॅलाहासी आणि परत, असा एकट्याने गेलो. दोन्हीकडे विमान उभं करून इंधन भरलं आणि पावत्या जपून ठेवल्या.

रात्रीचे ५ तास आणि १० टेक-ऑफ, १० लँडिंग दोन्हीकडे आहेत. मात्र एफएएला ही लँडिंग कंट्रोल टॉवर चालू असलेल्या विमानतळावरच लागतात. उन्हाळ्यात तिकडे अंधार उशिरा पडतो आणि छोट्या विमानतळांचे टॉवर रात्री बंद होतात. ती मी हिवाळ्यात उरकली.

आणखी एक. डीजीसीएच्या १०० पीआयसी तासांपैकी १५ तास अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतले लागतात. डीजीसीएच्या परीक्षेचे पेपर रखडले तर पुन्हा पैसे मोजून उडवणं आलं. म्हणून नेव्हिगेशन, मेट (हवामान) आणि रेग्युलेशनचे पेपर मी जायच्या आधीच देऊन ठेवले होते.