वीरगळ अपडेट: घोडा एकदाचा दगडाबाहेर आला

अकरा दिवस. एका हिरव्या चॅनेलपायी अकरा दिवस गेले.

वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराची स्मृतिशिळा; फोटोंवरून तिचं थ्रीडी मॉडेल करतोय. त्याचा ३८ लाख त्रिकोणांचा मेश (पृष्ठभागाची जाळी) २० हजारांवर आणला, यूव्ही (ही जाळी उलगडून सपाट चित्रावर पसरणं) नव्याने केलं आणि गेलेले बारकावे नॉर्मल मॅपमध्ये (पृष्ठभाग कुठे कसा वळलाय ते रंगांत सांगणारं चित्र) बेक केले, म्हणजे उतरवून घेतले. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये लावून बघतो तर खालच्या चौकटीतला घोडा दगडात रुतलेला! साच्याची आतली बाजू बघावी तसा. शिफ्ट-एन मारून (जाळीची तोंडं बाहेर वळवून) झालं, इमेज नॉन-कलरवर (रंग नव्हे, आकडे म्हणून वाचायची) आहे ना ते चारदा पाहिलं, पुन्हा बेक केलं. ढिम्म.

परवा रात्री वैतागून नुसता दिवा फिरवत बसलो. डावीकडून प्रकाश आला की घोडा झकास बाहेर, दिवा वर नेला की आत. दगडाच्या डाव्या कडेला मात्र बरोबर उलटं: वरून ठीक, बाजूने गडबड. ती कड मी जागा वाचवायला यूव्हीत आडवी झोपवली होती. तिथे ट्यूब पेटली! लाल चॅनेल डावं-उजवं सांभाळतो आणि हिरवा वर-खाली, पण हे वर-खाली टेक्श्चरचं (मॉडेलवर चढवलेल्या सपाट चित्राचं), दगडाचं नाही. म्हणजे फक्त हिरवा उलटा होता. बेकर (बेक करणारं सॉफ्टवेअर) डायरेक्टएक्स पद्धतीने लिहीत होता, ब्लेंडरला ओपनजीएलची लागते; दोन्हींत हिरवा एकमेकांच्या उलटा. (बेकर फुकटचा आहे, म्हणून नाव घेत नाही. पण हा पर्याय इतका खोल दडवायचा?)

इलाज दहा सेकंदांचा. फोटोशॉपात चॅनेल्स उघडायचे, एकटा ग्रीन निवडायचा, कंट्रोल-आय. घाईत मी आधी अख्ख्या चित्रावरच मारला आणि जांभळा मॅप शेवाळी झाला, ते सोडा. आता आयाळ दिसते, वीराची ढाल दिसते, वरच्या चौकटीतल्या शिवलिंगापुढचे जोडलेले हातसुद्धा. काल चहा गार होईपर्यंत दिवाच फिरवत होतो.

रंगकाम अजून फोटोशॉप २२.२ मध्येच, थेट मॉडेलवर. ऑगस्ट २०२१ च्या २२.५ पासून फोटोशॉपातून थ्रीडीची सोय काढून टाकायला सुरुवात झाली, तेव्हा जुनी आवृत्ती असेल तर जपा. सपाट टेक्श्चरवर क्लोन स्टॅम्प मारत बसलात तर आयलंडच्या (यूव्हीतल्या सुट्या तुकड्याच्या) कडेला शिवण उमटणारच.

पुढचा बेत दगडावरचा शेंदूर मॉडेलमधून पुसायचा होता. पुसायचा कशाला, वेगळ्या लेयरवर घेतो; दगड तसाही बघता येईल आणि असाही. शिवाय शेंदराची चकाकी वेगळी, त्याला रफनेस मॅप (चकाकी कुठे किती ते सांगणारं चित्र) वेगळा लागेल.

हे लिहिता लिहिता रेंडर पुन्हा पाहिला. घोड्याच्या पोटाखाली दोन सावल्या आहेत. एक माझ्या दिव्याची, दुसरी फोटो काढले त्या दुपारची, रंगातच चिकटलेली. नॉर्मल चुकलेले होते तोवर ती लक्षातच आली नाही. तेव्हा शेंदूर राहू दे. आभाळ भरून आलेला एखादा रविवार गाठून फोटोच पुन्हा काढतो.