कबाड्याकडचा नंदी

रविवार, रात्र

आज नंदीला चाकं लागली.

हा नंदी मला कामठी रोडच्या कबाड्याकडे मिळाला. जळाऊ लाकडात पडला होता, कबाडी त्याला किलोवर तोलायला निघाला होता. सागाचा, हातभर लांब, पाठीवर कोरलेली झूल, शिंगांना पितळी टोप्या. दोन चाकं गायब. घरी आणून पुसला तेव्हा पाटाच्या पुढच्या भोकाकडे लक्ष गेलं. भोकाची वरची कड झिजून गुळगुळीत झालीय, खालची मात्र तशीच धारदार. ओढणारं पोर उंच, नंदी बुटका. दोरी दर तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लाकडी नंदी ओढायच्या पोरांच्या पोळ्याला, वरूनच घासत राहिली असणार. किती पोरांच्या हातून गेला असेल कोण जाणे! मी बराच वेळ त्या कडेवरून बोट फिरवत बसले.

वाढई म्हणाला, चारही चाकं नवीन बसवू, वर मेलामाईन मारतो, शोरूममधल्यासारखा चमकेल. मी नको म्हटलं. दोनच नवी केली, जुनी दोन ठेवली. रंग वेगळा दिसतो, दिसू दे. पॉलिशऐवजी जवसाचं तेल कापडाने चोळलं. हे तेल हवेत सुकून लाकडावर पातळ थर धरतं. खोबरेल सुकत नाही, नुसती धूळ धरून बसतं. तेलाचे बोळे मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकायचे नाहीत, आतल्या आत तापून आपोआप पेटू शकतात. मी ते गच्चीवर दोरीवर पसरून वाळवले.

टीव्हीखालच्या फळीचं काम याहून किचकट होतं. महाल भागातला एक वाडा पाडला, त्याच्या दाराची एक झडप लकडगंजात मिळाली. कडीचा कोयंडा अजून जागेवर आहे. तिच्यावर तैलरंगाचे थरावर थर होते, आणि जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगात दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त शिसं नको, हा नियम 2017 मध्ये लागू झाला. ही झडप त्याच्या कितीतरी आधीची. म्हणून कोरडा पॉलिश पेपर लावूच दिला नाही. पाणी मारून, ओलं ठेवून, तोंडाला मास्क बांधून खरवडलं, तेही गच्चीवर. खालची पोरं तेवढे दिवस वर फिरकली नाहीत. ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी एवढं तरी पाळावंच.

बाकी किरकोळ: पितळेचा गुंड, तांदळाच्या डब्यात कुडव, जुन्या कूलरच्या टपात पुदिना.

आमच्या घरात जुनी वस्तू येते ती कामाला लागण्यासाठी. गुंडात पाणी भरतो, कुडवाने तांदूळ मोजतो, झडपेवर टीव्ही आहे आणि पाहुणे जास्त झाले तर तिच्या टोकावर कुणीतरी बसतंही. काचेच्या कपाटात मांडलेला पितळेचा ढीग मला बघवत नाही. त्या भांड्यांना कुणाचा हात लागत नाही.

नंदीचं तेवढं काम ठरत नव्हतं. परवा पोळा, तेरवा तान्हा पोळा. आपल्या नागपुरात तो दुसऱ्या रघुजीराजांनी 1806 सालापासून सुरू केला असं सांगतात. खालच्या मजल्यावरच्या ताईंचा मुलगा यंदा पहिल्यांदा नंदी घेऊन घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला निघणार. बाजारात नवे नंदी आलेत, पण त्याला आमचाच हवाय. संध्याकाळी त्याने त्याच भोकातून नवी दोरी ओवून घेतली, ओढूनही पाहिला. जुनी चाकं थोडी करकरतात, ते त्याला फारच आवडलं.

ताई म्हणाल्या, "अहो, एवढी जुनी वस्तू, पोरगं तोडून बसेल."

मी म्हटलं, "तुटला तर वाढई आहेच. तुम्ही ने म्हणा त्याला."