छोट्या कॅबिनेटसाठी मदरबोर्ड घेताना आधी फोटो नीट बघा

मिनी-आयटीएक्स म्हणजे १७० बाय १७० मि.मी.चा बोर्ड. व्हिया कंपनीने २००१ मध्ये आणलेला हा आकार आजही तोच आहे आणि स्क्रूची भोकंही ठरलेली आहेत. मात्र या चौकोनात कुठला भाग कुठे बसवायचा आणि किती उंच ठेवायचा, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. बहुतेक घोळ तिथेच होतात. म्हणून आधी कॅबिनेट ठरवा, मग कूलर आणि शेवटी बोर्ड.

समजा, दहा-अकरा लिटरचं सँडविच कॅबिनेट आहे, म्हणजे एका बाजूला बोर्ड, दुसऱ्या बाजूला ग्राफिक्स कार्ड आणि मधून त्या दोघांना जोडणारी रायझर केबल. प्रोसेसर एएमडीच्या एएम५ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा). अशा कॅबिनेटमध्ये कूलरला बहुधा ५० ते ७० मि.मी. उंची मिळते. आता बोर्डाचा वरून काढलेला फोटो उघडा. सॉकेटच्या डावीकडे आणि वर व्हीआरएमचे, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाचे, हीटसिंक (उष्णता शोषणारे धातूचे ठोकळे) असतात. ९२ मि.मी. पंख्याचा बुटका कूलर सहसा त्यांच्यामधल्या जागेत बसतो. १२० मि.मी.चा पंखा मात्र एकीकडे हीटसिंकवर आणि दुसरीकडे रॅमवर येतो. तिथे ४४ मि.मी. उंचीची चमचमती रॅम अडते, तर साधी ३२-३३ मि.मी.ची बहुधा बसून जाते. कूलर बनवणाऱ्याच्या साइटवर बोर्डाच्या मॉडेलनुसार सुसंगततेची यादी असेल, तर ती बघितल्याशिवाय पैसे भरू नका.

रॅमचे स्लॉट दोनच असतात. आज १६ जीबीची एक घेऊ, उद्या आणखी एक, असं करण्यापेक्षा दोनचा जोड एकदमच घ्या. डीडीआर५ प्रकारची रॅम पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते. तेव्हा घाईने वीज बंद करू नका.

एम.२चा, म्हणजे चपट्या एसएसडी ड्राइव्हचा, एक स्लॉट बऱ्याचदा बोर्डाच्या पाठीमागे असतो. बोर्ड ज्या छोट्या खुंट्यांवर बसतो त्या स्टँडऑफमुळे मागे जेमतेम सहा मि.मी. जागा राहते, त्यामुळे हीटसिंक लावलेली ड्राइव्ह तिथे बसत नाही. सँडविच कॅबिनेटमध्ये ती बाजू ग्राफिक्स कार्डाकडे असते आणि हवा फिरत नाही. म्हणून जास्त काम करणारी, लवकर तापणारी ड्राइव्ह समोरच्या स्लॉटमध्ये आणि फाइली साठवायची मागे लावा. मागची ड्राइव्ह बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवण्याआधीच लावायची. नंतर आठवली, तर कूलर, केबल, रायझर सगळं उपसावं लागतं.

आता रायझर. ग्राफिक्स कार्ड बोर्डाशी पीसीआय एक्सप्रेस जोडणीने बोलतं आणि तिच्या पिढ्या असतात. कार्ड चौथ्या पिढीचं आणि केबल तिसऱ्या पिढीची असेल, तर स्क्रीन येतच नाही किंवा गेम मध्येच कोसळतो. अशा वेळी बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) स्लॉटचा वेग ‘ऑटो’वरून काढून ‘जेन ३’, म्हणजे तिसरी पिढी, करायचा. पण स्क्रीनच नाही, तर बायोसमध्ये जाणार कसं? रायझन ७००० मालिकेच्या प्रोसेसरात अंगचे ग्राफिक्स असतात, तेव्हा मॉनिटर बोर्डाच्या एचडीएमआयला जोडा. ७५००एफसारख्या ‘एफ’ प्रोसेसरात ते नसतात. मग बोर्ड बाहेर ठेवून कार्ड थेट स्लॉटमध्ये लावायचं, सेटिंग बदलायचं आणि मगच जुळणी करायची. माझं मत विचाराल तर नवीन कॅबिनेटसोबत चौथ्या पिढीचीच केबल घ्या. आरटीएक्स ४०६०सारखी कार्डं आठच लेन (डेटाचे मार्ग) वापरतात, त्यांना तिसऱ्या पिढीचा वेग जास्त जाणवतो.

हेडर, म्हणजे बोर्डावरच्या केबल जोडायच्या पिना, त्याही मोजून घ्या. कॅबिनेटला पुढे टाइप-सी पोर्ट असेल, तर बोर्डावर त्याचा वेगळा हेडर लागतो. स्वस्त बोर्डांवर तो गाळलेला सापडतो. पंख्यांचे हेडर साधारण तीन असतात. एका हेडरवर दोन पंखे जोडणारा स्प्लिटर चालतो, पण एका हेडरवर एक अँपिअरची मर्यादा धरून चला.

आणि पेनड्राइव्हवरून बायोस अद्ययावत करणारं बायोस फ्लॅशबॅकचं बटण हवंच. दुकानात पडून असलेल्या जुन्या बी६५० चिपसेटच्या बोर्डावर नंतर आलेला रायझन ९००० मालिकेचा प्रोसेसर लावला आणि बायोस जुना असला, तर मशीन सुरू होत नाही. फ्लॅशबॅक असेल तर फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह, मॅन्युअलमध्ये दिलेल्या नावाची फाइल आणि वीज एवढ्यावर काम होतं, प्रोसेसर लावलेला नसला तरी.